अंगावर काहीच दिसत नाही, तरी खाज सुटते: शोध कुठून सुरू करायचा?

"अंगावर काही उठलेलं नाही, लाल झालेलं नाही, नुसतं खाजतंय. काहीतरी द्या." औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहणाऱ्याला हे वाक्य नवीन नाही. त्यावरचं उत्तरही बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं: रात्री ॲलर्जीची एक गोळी आणि सोबत एक मलम. चार दिवस बरं वाटतं, पंधरवड्याने तोच माणूस तेच वाक्य घेऊन परत हजर. मग निदान घरीच होतं. रक्त खराब झालंय, अंगात उष्णता वाढलीय, पाणी बदललं, परवा वांगं खाल्लं. कडुलिंबाचा रस सुरू होतो. खाज मात्र जागची हलत नाही.

अशा वेळी मी गोळी काढायच्या आधी तीन गोष्टी विचारतो. खाज केव्हा सुटते? नेमकी कुठे सुटते? आणि घरात आणखी कोणाला सुटते? दहातल्या बऱ्याच जणांचं उत्तर या तिघांतच निघतं, आणि उरलेल्यांना निदान कोणत्या डॉक्टरकडे जायचं एवढं तरी कळतं. गोळी आणि मलम आधी सुरू केलं की नेमकी हीच उत्तरं पुसली जातात. खाज सहा आठवड्यांच्या वर टिकली तर वैद्यकीय हिशेबात ती जुनाट धरतात. तोवर थांबायची गरज नाही, पण सहा आठवडे उलटल्यावर घरगुती प्रयोग पुरे.

खरंच काही दिसत नाही का?

बाथरूमच्या दिव्याखाली आरशात पाहिलं की काहीच दिसत नाही. दिवसा खिडकीपाशी उभं राहा आणि पाठ, कंबर, मांड्यांचा मागचा भाग दुसऱ्या कोणालातरी बघायला सांगा. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, तिरपा मारला की बारीक पुरळ आणि उंचवटे सावलीमुळे उठून दिसतात.

नखांचे ओरखडे, खपल्या, काळसर डाग दिसले तर ते खाजवल्याचे असू शकतात, आजाराचे नव्हेत. यासाठी डॉक्टर एक साधी गोष्ट बघतात. पाठीच्या मधोमध, जिथे आपला हात पोचत नाही, तो भाग स्वच्छ आहे आणि भोवतीची कातडी मात्र काळवंडलेली, ओरबाडलेली आहे, तर डाग हे हाताचे काम. म्हणजे मूळ दोष कातडीत नसून दुसरीकडे असण्याची शक्यता वाढते. (पाठ खाजवायची लाकडी काठी वापरत असाल तर ही खूण बाद. त्या काठ्या जत्रेत अजून मिळतात आणि खपतातही.)

दुसरी फसवणूक पित्ताची. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, अर्ध्या तासात किंवा काही तासांत पूर्ण बसून जातात. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अंग कोरं करकरीत. गांधी उठली की लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्या एका फोटोचा जेवढा उपयोग होतो तेवढा तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनाचा होत नाही. काही जणांना गांधी आपणहून उठत नाहीत, फक्त कातडीवर दाब किंवा घर्षण झालं की उठतात. तपासायचं असेल तर पेनाच्या टोपणाने पाठीवर जरा दाबून एक रेघ ओढायला सांगा. पाच-दहा मिनिटांत ती रेघ लाल होऊन दोरीसारखी फुगली आणि साधारण अर्ध्या तासात उतरली, तर कारण सापडलं. पट्टा, पर्सचा बंद, परकराची नाडी, टॉवेलने खसाखसा पुसणं, हे सगळं अशा माणसाला खाज आणतं. ॲलर्जीची गोळी खरी लागू पडते ती इथे.

तिसरी फसवणूक मलमाची. जांघेत किंवा कमरेला नायटा झाला, कोणीतरी "खाजेचं मलम" दिलं. त्यात स्टेरॉइड असतं. नायट्याची कड, म्हणजे त्याची ओळख पटवणारी ती गोल लालसर रेघ, फिकी पडते, खाज थांबते आणि आत बुरशी निवांत पसरत राहते. मलम थांबवलं की खाज परत, आणि आता पाहणाऱ्याला नायटा ओळखूही येत नाही. स्टेरॉइडची बरीच मलमं २०१८ साली शेड्यूल एचमध्ये गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी विकली जातात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. "काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्याने गेल्या दोन महिन्यांत कोणतं मलम लावलं, त्याची ट्यूब डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. नुसतं "पांढरं होतं" म्हणून भागत नाही.

गोळी लागू का पडत नाही

खाज म्हणजे हिस्टामिन (ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन) आणि हिस्टामिन म्हणजे ॲलर्जीची गोळी, असं समीकरण आपल्या डोक्यात बसलंय. ते गांधींपुरतं बरोबर आहे. पण खाजेचे निरोप मेंदूकडे नेणारे कातडीतले बारीक मज्जातंतू एकाच प्रकारचे नसतात. काही हिस्टामिनने चेततात, काहींना हिस्टामिनशी देणंघेणंच नसतं.

याचा पुरावा आपल्याकडच्या रानात लोंबतोय. खाजकुयली. तिच्या शेंगेवरची ती सोनेरी कुसं अंगाला लागली की माणूस नाचतो, पण कातडीवर गांधी येत नाहीत, फारसं काही दिसतही नाही. त्या कुसांत एक प्रथिन तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते मज्जातंतूंवरच्या वेगळ्याच ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन भिडतं. हिस्टामिन मध्ये येतच नाही, म्हणून संशोधक "हिस्टामिनशिवायची खाज" अभ्यासायची तर आजही ही कुसं वापरतात. कोरड्या कातडीची खाज, यकृताची खाज, मूत्रपिंडाची खाज, नस दबल्याची खाज, या सगळ्या बऱ्याच अंशी याच दुसऱ्या जातीच्या. तिथे सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी घेतली काय आणि नाही घेतली काय, सारखंच.

मग जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी बरं का वाटतं? झोप लागते म्हणून. साठीच्या पुढच्या माणसाला हा सौदा महाग पडतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो, बद्धकोष्ठ होतो, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी तुंबू शकते, आणि कधी कधी सकाळी बोलण्यात गोंधळ जाणवतो. घरच्यांना वाटतं, वय झालं.

कोरडी कातडी: सगळ्यात जास्त सापडणारं कारण

कातडीचा सगळ्यात वरचा थर हा मेलेल्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या फटी चरबीने बुजवलेल्या असतात, विटांच्या मध्ये चुना भरावा तशा. हा चुना धुऊन गेला की आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं नको ते आत येतं. निरोगी कातडी थोडी आम्लधर्मी असते, पीएच पाचाच्या आसपास. साधा साबण नऊ ते दहाचा. साबणाचा फेस रोज अंगभर फिरला की कातडीचं आम्ल मोडतं, आणि मग कातडीतलीच प्रथिनं तोडणारी विकरं जास्त चेकाळतात. खाजकुयलीचं विकर ज्या ग्राहीला जाऊन भिडतं, त्यालाच हीसुद्धा भिडतात. म्हणून दिसत काही नाही, पण खाज खरी असते.

ओळखायचं कसं? पायाच्या नडगीवर नख हलकेच ओढा. पांढरी, पिठूळ रेघ उमटली तर कातडी कोरडी. ही खाज नडग्या, हात, कंबरेच्या बाजू इथे जास्त असते. चेहरा, काखा सहसा सुटतात. दिवाळीनंतर सुरू होते, होळीपर्यंत चालते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पुण्याच्या बाजूला हिवाळ्याची कोरडी हवा. कोकणात एवढं जाणवत नाही. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्याला पावसाळ्यातही असं होतं तेव्हा दिवसाचे नऊ तास एसीत बसणं आठवायचं. मुलाकडे अमेरिकेत किंवा कॅनडात पहिला हिवाळा काढायला गेलेले आईवडील तिकडून फोन करून विचारतात, "इथलं पाणी बाधलं का?" पाणी नाही, घर तापवणारी ती कोरडी हवा. साठीनंतर कातडीतलं तेल आपोआपच कमी होतं, त्यात ही भर.

सगळ्यात मोठा वाटा आंघोळीचा. सोलरचं किंवा गीझरचं कढत पाणी खाजणाऱ्या अंगावर घेतलं की क्षणभर स्वर्ग. उष्णतेच्या चटक्याने खाजेचा निरोप तेवढ्यापुरता दबतो. पण त्याच पाण्याने चरबीचा थर उतरतो आणि अर्ध्या तासाने खाज दुपटीने परत येते. मग माणूस म्हणतो, गरम पाण्यानेच बरं वाटतं, म्हणून दोनदा आंघोळ. बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतणं, अंगाला जाळीने नाहीतर वजरीने घासणं, "मळ निघतोय" म्हणून समाधान मानणं. तो मळ नसतो. वरच्या थराची ती भुकटी असते, आणि तीच तर टिकवायची होती.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून कोणी पंधरा दिवसही करत नाही. पण पंधरा दिवस केल्याशिवाय निदानच होत नाही, म्हणून याला उपचार न समजता चाचणी समजा. कोमट पाणी, पाच-सात मिनिटांत आंघोळ उरकायची. साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. बाकी अंगाला रोज साबण लागत नाही, तुम्ही काही रोज भट्टीवर काम करत नाही. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मलई लावायची: पांढरी पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, ग्लिसरीन किंवा युरिया असलेलं क्रीम, यांपैकी परवडेल ते. खोबरेल तेलही चालतं, पण आंघोळीनंतर. अभ्यंग म्हणून आधी चोळलेलं तेल नंतर साबणाने धुऊन टाकलं तर हिशेब पुन्हा शून्यावर. डाळीचं पीठ आणि उटणं दिवाळीपुरतं ठीक. रोज वापरलं तर तेही कोरडं करतं. कॅलामाइन लोशन कोरड्या कातडीवर लावू नका, ते आणखी सुकवतं.

प्रमाणाचं एक सांगतो, कारण इथे सगळे चुकतात. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी वीस ते तीस ग्रॅम मलई लागते. म्हणजे पन्नास ग्रॅमची देखणी ट्यूब दोन दिवसांत संपली पाहिजे. तुमची महिनाभर पुरत असेल, तर तुम्ही लावत नाही, वास घेता. अर्धा किलोचा साधा डबा घ्या, सुगंध नसलेला. महागडं काही नको.

पंधरा दिवसांत खाज निम्म्यावर आली, तर उत्तर मिळालं आणि हे होळीपर्यंत चालू ठेवायचं. थंडी संपायच्या आत सोडलं की परत येणार, आणि त्याला "गुण आला नाही" म्हणायचं नाही. काहीच फरक नाही, तर पुढे चला.

रात्री अंथरुणात शिरल्यावर

घरात आणखी कोणाला, या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर माझा पहिला संशय खरजेवर. लोकांना खरूज म्हटलं की राग येतो. आमच्या घरात कसं होईल? होतं. स्वच्छतेशी तिचा फारसा संबंध नाही, अंगाला अंग लागण्याशी आहे. हॉस्टेलवरून सुटीला आलेला मुलगा, आजारी आजोबांची शुश्रूषा करणाऱ्या ताई, एकाच गोधडीत झोपणारी भावंडं, असा तिचा प्रवास असतो.

खरजेत "काहीच दिसत नाही" असं का वाटतं, याला दोन कारणं. एक, साध्या खरजेत पूर्ण अंगावर किडे असतात जेमतेम दहा-पंधरा. दोन, पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात, कारण खाज किडा चावल्याची नसते. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांना शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असते. महिन्यापूर्वीचं हॉस्टेल कोणाच्या लक्षात राहतं? पुन्हा लागण झाली तर मात्र एक-चार दिवसांतच खाज. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, बेंबीभोवती, कमरेचा पट्टा, काखेची पुढची घडी, बायकांना स्तनाग्रांभोवती, पुरुषांना लिंगावर बारीक पुटकुळ्या: या जागा भिंगाने पाहा. बेचकीत केसाएवढी बारीक, वाकडी, मळकट रेघ दिसली तर तो किड्याचा बोगदा.

उपचार सोपा आहे आणि जवळजवळ प्रत्येक घर तो अर्धवट करतं. डॉक्टर परमेथ्रिन पाच टक्के लिहून देतात. ते खाजतं तिथेच लावायचं नसतं. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत, जांघेत, सगळीकडे, रात्री लावून आठ ते चौदा तास ठेवायचं. लहान बाळांना आणि म्हाताऱ्यांना डोक्यालाही लावावं लागतं, ते डॉक्टरांना विचारून. मध्ये हात धुतले तर हातांना परत. आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच रात्री, खाज असो वा नसो. "मला काही नाही" म्हणून बाजूला बसलेला एक काका पुढच्या महिन्यात पूर्ण घराला परत खाजवायला लावतो. सात दिवसांनी तेच सगळं पुन्हा.

सकाळी चादरी, अभ्रे, टॉवेल, अंगातले कपडे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात. गोधड्या, स्वेटर, धुता न येणारं जे काही असेल ते प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही. घरभर औषध फवारायची गरज नाही.

यानंतर एक सापळा आहे. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण मेलेल्या किड्यांचे अवशेष कातडीतच असतात. लोक घाबरून परमेथ्रिन रोज लावत सुटतात. त्याने कातडी जळते, कोरडी पडते आणि खाजतेच. दोनदा नीट लावलं असेल तर या काळात फक्त मलई, आणि नव्या पुटकुळ्या येतात का एवढ्यावर लक्ष. चार आठवड्यांनंतरही नव्या येत असतील तर परत दवाखाना.

लहान मुलाला रात्री फक्त गुदद्वारापाशी खाज येत असेल तर ती बहुतेक वेळा खरूज नसून जंत असतात. त्यालाही एकट्याला नाही, घरातल्या सगळ्यांनाच औषध लागतं, आणि दोन आठवड्यांनी दुसरा डोस.

गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता

रोज चालू असलेली प्रत्येक गोळी, डॉक्टरांची, वैद्यांची, शेजाऱ्यांनी सांगितलेली, सगळी एका जागी काढा. रक्तदाबावरच्या अम्लोडिपिनसारख्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, रॅमिप्रिलच्या जातीच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, मलेरियावरची क्लोरोक्विन, यांच्यापैकी कोणतीही पुरळ न उठवता खाज आणू शकते. गोळी सुरू झाल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही. म्हणून "ही तर कधीपासून घेतोय" हा बचाव चालत नाही. बंद केल्यावरही खाज जायला काही आठवडे लागतात. आणि आपल्या मनाने बंद करायची नाही. रक्तदाबाची गोळी खाजेपायी सोडून अर्धांगवायू ओढवून घेणं हा वेडेपणा. डॉक्टर पर्यायी गोळी देतात.

काढे आणि चूर्णं या यादीतून लोक हमखास वगळतात. कोरोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा. तुमच्यापुरतं एवढंच की काढाही पिशवीतून बाहेर काढून दाखवायचा.

एकाच जागी, वर्षानुवर्षं

खांद्याचं हाड आणि मणका यांच्या मधल्या पट्ट्यात, बहुतेक वेळा एकाच बाजूला, नेमकी एक जागा खाजते. तिथे हळूहळू तपकिरी डाग पडतो. घरचे म्हणतात मळ बसलाय, घासून काढ. तिथे कातडीचा दोष नसतो. मणक्यातून बाहेर पडणारी नस स्नायूंमधून येताना दबलेली किंवा चिडलेली असते. तसंच कोपराच्या खालच्या-वरच्या बाहेरील बाजूला, ऊन लागणाऱ्या हातावर, जळजळ मिसळलेली खाज येते आणि बर्फ लावला की थांबते, काढला की परत सुरू. बर्फाने एवढा फरक पडतो ही तिची ओळखच. मूळ बऱ्याचदा मानेच्या मणक्यात असतं. नागीण होऊन गेलेल्या पट्ट्यातही महिनोन्महिने खाज राहू शकते. इथे ॲलर्जीची गोळी, नायट्याचं मलम, दोन्ही वाया. डॉक्टर नसांवरची औषधं, कॅप्सेसिनचं म्हणजे मिरचीतल्या तिखट घटकाचं मलम, मानेचे व्यायाम असं काही सुचवतात.

मानेच्या मागे किंवा घोट्याजवळ कातडी जाड, खरखरीत, चामड्यासारखी झाली असेल तर मुळात कारण काहीही असो, आता खाजवणं हेच कारण आहे. टीव्ही बघताना हात आपोआप तिथे जातो. रात्री तो भाग पट्टीने झाकून ठेवणं आणि नखं मुळापर्यंत कापणं याला पर्याय नाही.

आतून येणारी खाज

हे कमी जणांत सापडतं. पण चुकवलं तर महागात पडतं, म्हणून इथे "कुठे" आणि "केव्हा" हे प्रश्न नीट विचारायचे.

तळहात आणि तळपाय, रात्री जास्त: यकृताचा विचार. पित्तरस साठून राहिला की खाज येते, आणि ती कावीळ दिसायच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकते. लघवी गडद, शौच फिकट, डोळे पिवळे यांपैकी एकही असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात.

गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ न येता तळहात-तळपाय खाजू लागले, तर "पोट ताणतंय, होतं असं" म्हणून सासूने किंवा शेजारणीने समजूत काढू नये. पोटावरची खाज ताणामुळे असू शकते, तळव्यांची नव्हे. यकृतातून पित्त नीट न वाहण्याचा हा गरोदरपणातला आजार असू शकतो. आईला तो बाळंतपणानंतर सोडतो, पण रक्तातली पित्ताम्लं फार वाढली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. पित्ताम्लांची आणि यकृताची रक्ततपासणी लगेच करून घ्यायची, पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या खेपेला झालं असेल तर दुसऱ्या खेपेला परत होण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा नाव नोंदवतानाच सांगा.

आंघोळ झाल्यावर दर वेळी, पाणी गार असो की गरम, काही मिनिटांतच सुया टोचल्यासारखी खाज येते आणि कातडीवर काही नसतं? मलईनेही फरक नाही? रक्ताच्या साध्या तपासणीत हिमोग्लोबिन बघा, पण जास्त आहे का ते. आपल्याकडे सगळे कमी शोधतात. तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढणाऱ्या रक्ताच्या एका आजाराची ही पहिली खूण असू शकते. उलट, लोह कमी असल्यानेही अंगभर खाज येते, हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानासुद्धा. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल, मूत्रपिंड बरंच निकामी झालं असेल, तरी खाज येते. साखरेबद्दल मात्र गैरसमज जास्त आहे. मधुमेहात जांघेत आणि गुप्तांगावर बुरशी होते, पायांची कातडी कोरडी पडते. अंगभर खाजेचा दोष दर वेळी साखरेवर टाकणं बरोबर नाही.

तरुण वय, अंगभर खाज, सोबत रात्री कपडे भिजतील असा घाम, बारीक ताप, वजन उतरणं, मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ: इथे वाट बघू नका. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात खाज ही सुरुवातीची तक्रार असू शकते.

डॉक्टरकडे जाताना

त्वचारोगतज्ज्ञाकडे जायच्या आदल्या दिवशी मलम लावू नका, आणि ॲलर्जीची गोळी स्वतःहून घेत असाल तर ती कधीपासून, कितीची, ते सांगा. सोबत न्यायचं ते असं: गांधींचे फोटो, वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, गोळ्यांची पिशवी, आणि एका कागदावर आठवडाभराची नोंद: किती वाजता खाजलं, कुठे खाजलं, झोप मोडली का. पुरळ सापडलं नाही तर डॉक्टर साधारणपणे रक्तगणना, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), साखर, थायरॉइड, फेरिटिन आणि गरज वाटली तर एचआयव्ही व छातीचा एक्स-रे सांगतात. लॅबमध्ये जाऊन "ॲलर्जीचं मोठं पॅकेज" आपण होऊन करू नका. शंभर पदार्थांची ती यादी येते, माणूस दूध, डाळ, वांगं, शेंगदाणे सगळं सोडतो, अशक्त होतो आणि खाजत राहतो.

सगळं नॉर्मल आलं की पुष्कळदा "टेन्शनमुळे आहे" असा शिक्का बसतो. ताणाने खाज वाढते हे खरं. नुसती चर्चा केली तरी वाढते, हा मजकूर वाचताना तुम्हीही एकदा तरी खाजवलं असेल. पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा, आणि तोही डॉक्टरांनी. कारण न सापडलेल्या खाजेवरही उपचार आहेत: गॅबापेंटिनसारखी नसांची औषधं, विशिष्ट अतिनील किरणांचा शेक. वृद्धांमध्ये यांचा डोस हळूहळू वाढवतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. काही वेळा आतला आजार खाजेच्या मागून काही महिन्यांनी उघड होतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असूनही खाज टिकून असेल तर काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं का, कधी, हे डॉक्टरांकडून तारखेसकट फाइलवर लिहून घ्या.